बांध कोणाच्या पैशाने घालायचा? जोतीराव फुले यांचा पाण्याचा हिशेब

भाताची कापणी झाली की खाचरातल्या ओलीवर हरभरा टाकायचा म्हणून तुम्ही बियाण्याच्या दुकानात जाता आणि 'फुले विक्रम'ची पिशवी घेऊन येता. घाटावरचे ऊसवाले 'फुले 265' लावतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून निघालेल्या वाणांना हे नाव लागते. कर्जमुक्तीच्या योजनेला त्यांचे नाव आहे, दवाखान्याच्या योजनेलाही आहे. शाळेत आपण त्यांना मुलींची पहिली शाळा काढणारे म्हणून शिकलो. पण माती आणि पाण्यावर सरकारी पैसा कसा खर्च व्हावा, याचा बारीक हिशेब या माणसाने 1883 साली लिहून ठेवला होता. ही बाजू शेतकऱ्यांच्या सभेतसुद्धा फारशी निघत नाही.

या पानावर एरवी आपण पीक, खत, कीड यांबद्दल बोलतो. आज माणसाबद्दल बोलायचे कारण असे, की नवापूर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या बैठकीला गेले की एक वाक्य हमखास कानावर येते. शेततळ्याचे किंवा ठिबकचे अनुदान घेणे म्हणजे सरकारपुढे हात पसरणे, असे काही जुनी माणसे म्हणतात. मग अर्जच केला जात नाही. पाऊस 2000 मिलिमीटरच्या वर पडतो, ऑक्टोबरपर्यंत सगळा समुद्रात जातो आणि मार्च-एप्रिलला किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ लागायला लागते. जोतीरावांचे आयुष्य समजून घेतले, तर हात पसरण्याची ही भाषा तुम्ही पुन्हा वापरणार नाही.

दगड पुरवणारा माणूस

जोतीराव गोविंदराव फुले यांचा जन्म 11 एप्रिल 1827 चा. घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, धंदा बागायतीचा आणि फुलांचा. त्यावरूनच फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई लवकर गेल्या. 1840 मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी लग्न झाले. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले. 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि त्यापायी पुढच्या वर्षी वडिलांचे घर सोडावे लागले. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून पुढे जातो.

शाळांसाठी पैसा लागतो आणि पोटासाठीही लागतो. जोतीरावांनी बांधकामाच्या कंत्राटाचा धंदा केला. मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण 1870 च्या दशकात उभे राहत होते. त्या धरणाला दगड पुरवण्याचे काम त्यांनी घेतले होते. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल या कामांशीही त्यांचे नाव जोडले जाते. म्हणजे सरकारी कामाचे अंदाजपत्रक कसे बनते, मोजमाप कोण लिहितो, मजुराच्या हातात किती पडते आणि मधल्यामध्ये किती गळते, हे त्यांनी खाणीवर उभे राहून पाहिले होते. इंजिनियर खात्यातल्या कारकुनांचे व्यवहार त्यांनी पुढे लिहून उघड केले, ते या अनुभवावर. मला जोतीरावांच्या शेतीविषयक लिखाणातली सर्वांत भरवशाची गोष्ट वाटते ती हीच. पाण्याच्या कामाबद्दल बोलताना ते ऐकीव बोलत नव्हते.

धरण झाले, मुठेचे कालवे सुरू झाले. कालव्याचे पाणी रानात घ्यायचे म्हणजे पाणीपट्टी भरायची आणि नवे पीक घ्यायचे, आणि नव्या गोष्टीला शेतकरी बिचकतोच. जोतीरावांनी पुण्याजवळ मांजरीला जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखवली. आजच्या भाषेत याला प्रात्यक्षिक प्लॉट म्हणतात. कृषी सहायक मंडळींनी हे लक्षात घ्यावे. कंत्राटदार म्हणून धरणाची एक बाजू आणि बागायतदार म्हणून कालव्याच्या शेपटाची दुसरी बाजू, दोन्ही त्यांच्या अंगावरून गेल्या होत्या.

पाणी हा विषय त्यांना केवळ शेतीपुरता नव्हता. 1868 मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. पाणी कोणाचे, हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःच्या अंगणात सोडवला आणि मग सरकारला विचारला.

हजार रुपये कुठे जावेत

1876 पासून काही वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्च करायचे ठरत होते. सभासद 32. विरोधात मत देणारे एकटे जोतीराव. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अर्थातच मंजूर झाला.

ही गोष्ट साधी वाटेल, पण तिच्या आधीची वर्षे पाहा. 1875 मध्ये सुपे आणि आसपासच्या गावांत सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. 1876-77 मध्ये दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. धनकवडीला सत्यशोधक समाजाच्या लोकांनी बालाश्रम उघडून दुष्काळात सापडलेल्या मुलांना जेवू घातले. शेतसारा ठरवण्याची नवी पाहणी झाली की सारा वाढायचा आणि पाऊस पडो न पडो, तो वसूल व्हायचा. जोतीरावांना दिसत होते की शेतकऱ्याकडून पैसा सरकारकडे जाण्याचा रस्ता रुंद आणि पक्का आहे, पण उलट दिशेने येणारा रस्ताच नाही.

त्यांनी लिहिलेले 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक 1883 मध्ये पुरे झाले. ते सगळे एकदम छापून आले नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधु' पत्रात काही भाग छापले आणि पुढचे थांबले, कारण मजकूर जहाल होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना मात्र जोतीरावांनी हे लिखाण वाचून दाखवले.

पाचव्या भागात काय आहे

पुस्तकाच्या पहिल्या भागांत शेतकऱ्याची लूट कशी होते याचे वर्णन आहे. शेवटच्या भागात उपाय आहेत, आणि मृद व जलसंधारण शिकलेल्या माणसाने ते वाचताना थबकावे असे आहेत.

पहिली मागणी बांधांची. डोंगरावरची पाने, फुले, मेलेले किडेमुंगी, जनावरांची हाडे कुजून जे सत्त्व तयार होते, ते वळवाच्या पावसात धुपून वाहून जाते; म्हणून शेतात ताली आणि बांध अशा रीतीने घालावेत की पाणी आधी शेतात मुरेल आणि उरलेलेच नाल्याला जाईल. आज आपण ज्याला 'माथा ते पायथा' म्हणतो, त्याच दिशेने हा विचार जातो. हे काम कोणी करायचे, तर सरकारने. रिकाम्या वेळी लष्कर आणि पोलिसांतल्या माणसांना कामाला लावून. ही सूचना मला आज व्यवहार्य वाटत नाही. पण तिच्यातला मुद्दा स्पष्ट आहे. ज्यांचा पगार शेतकऱ्याच्या साऱ्यातून निघतो, त्यांचे थोडे कष्ट शेतकऱ्याच्या बांधावर यावेत.

दुसरी मागणी डोंगरदऱ्यांतल्या लहान तलावांची. सोयीच्या जागी छोटी धरणे बांधली तर उन्हाळ्यात ओढ्यानाल्यांना पाझर राहील आणि त्याखालच्या विहिरींना पाणी येईल, असे ते सांगतात. मोठ्या धरणाला दगड पुरवलेला माणूस लहान बंधाऱ्यांची मागणी करतो, याकडे लक्ष द्या.

तिसरी मागणी गाळाची. नदी, नाले आणि तलावांत साठलेला गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. गावची गायराने परत करावीत, कारण कुरण गेले की जनावर जाते आणि जनावर गेले की शेणखत जाते. 1878 च्या जंगल कायद्यानंतरचा हा काळ आहे. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला राहणाऱ्यांना जंगल खात्याचा जाच काय असतो, हे वेगळे सांगायला नको.

चौथी मागणी पाणाड्यांची. सरकारने पाणाडे लावून शेतोशेतीचे झरे शोधावेत, त्यांच्या खुणा नकाशावर घ्याव्यात आणि पाणी दाखवणाऱ्याला बक्षीस द्यावे. पाणाड्याच्या काठीवर माझा विश्वास नाही, तुमचाही नसावा. पण भूजलाचा नकाशा सरकारी खर्चाने व्हावा, हा विचार पाहा. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली ती 1972 मध्ये.

पाचवी मागणी माझ्या दृष्टीने सर्वांत धारदार आहे. पाटबंधारे खाते पाणीपट्टी पुरी घेते, पण पाणी वेळेवर आणि पुरेसे मिळते की नाही याची जबाबदारी कोणी घेत नाही. म्हणून प्रत्येक शेताला गरजेपुरते पाणी मिळेल अशी तोटी बसवावी, असे जोतीराव लिहितात. शेपटाकडच्या शेतकऱ्याचे दुःख त्यांना माहीत होते. पाणी मोजून देण्याची कायदेशीर तरतूद आपल्याकडे सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याच्या 2005 च्या अधिनियमाने आली. सूर्या प्रकल्पाच्या कालव्यावर ज्यांची जमीन आहे आणि धामणी-कवडासचे पाणी शहरांकडे जाताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी या तोटीवर जरूर विचार करावा.

याखेरीज चांगल्या जातीच्या मेंढ्या-शेळ्या, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीच्या शाळा, दरवर्षी पिकांची आणि औत हाकण्याची स्पर्धा आणि बक्षिसे अशा बऱ्याच सूचना आहेत. सगळ्यांवर इथे लिहीत बसत नाही.

कर्ज की खर्च

1883 हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवा. त्याच वर्षी इंग्रज सरकारने जमीन सुधारणा कर्ज अधिनियम केला. विहीर खणायला, तलाव बांधायला, जमीन सपाट करायला तगाई मिळू लागली. तगाई म्हणजे कर्ज. ती फिटली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल व्हायची. 1884 मध्ये बी-बियाणे आणि बैलांसाठी दुसरा कर्ज कायदा झाला.

म्हणजे एकाच वर्षी दोन उत्तरे समोर आली. सरकार म्हणत होते, पैसा उसना घे, बांध घाल आणि व्याजासह परत कर. जोतीरावांचे म्हणणे वेगळे होते. बांधावर अडलेली माती आणि मुरलेले पाणी एका शेतकऱ्याचे राहत नाही. खालच्या विहिरीला, गावाच्या ओढ्याला आणि शेवटी सरकारच्या साऱ्यालाही त्याचा फायदा होतो. मग खर्च एकट्याने का सोसायचा? तुम्ही आज ज्याला अनुदान म्हणता, त्याचे मूळ या युक्तिवादात आहे.

जोतीरावांच्या हयातीत यातले फारसे काही झाले नाही. 2 मार्च 1888 रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी मेजवानी होती. जोतीराव तिथे शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले आणि खरा देश पाहायचा तर खेड्यात जा, अशा अर्थाचे बोलले. त्याच वर्षी 11 मे रोजी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी शेवटचे पुस्तक पुरे केले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते गेले.

सरकारने योजना आखून शेतकऱ्यांच्या जमिनीवर बांधबंदिस्ती करावी, यासाठी मुंबई इलाख्यात कायदा झाला 1942 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर 52 वर्षांनी. 1972 च्या दुष्काळात हजारो मजुरांनी नालाबांध आणि पाझर तलाव खोदले. खारे पाणी थोपवणाऱ्या बांधांसाठी खारजमीन विकासाचा अधिनियम 1979 मध्ये आला. आपल्या किनाऱ्याला तो लागू आहे. जलयुक्त शिवार 2014 मध्ये आणि गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार 2017 मध्ये. शेवटच्या योजनेचा आता फार गवगवा होतो, पण जोतीरावांची तिसरी मागणी पुन्हा वाचा.

तुमच्या शेतात याचा अर्थ

जोतीरावांनी लिहिले ते पुणे-साताऱ्याच्या पठारावरून. तिथला पाऊस आपल्या चौथाईइतकाच, म्हणून त्यांचा बांध जसाच्या तसा इथे घालू नका. समपातळी बांध कमी पावसाच्या भागासाठी असतो. आपल्याकडे उतारावर ढाळीचा बांध हवा, म्हणजे जास्तीचे पाणी हळूहळू बाहेर निघेल. डोंगरावर सलग समतल चर आणि खाली भातखाचरांची मजबूत बांधबंदिस्ती. प्रत्येक बांधाला दगडी सांडवा हवाच. हे मी ठणकावून सांगतो, कारण नोकरीच्या सुरुवातीला एका कामावर मी स्वतः चूक केली आहे. अंदाजपत्रकात सांडवा धरला नव्हता, ते माझ्या लक्षात आले होते, पण वरून आलेला कागद म्हणून मी गप्प बसलो. जुलैच्या एका रात्री तीन बांध फुटले आणि खालच्या शेतकऱ्याच्या आवणावर गाळ बसला. कागदोपत्री काम पूर्ण होते, बिलही निघाले होते. त्या शेतकऱ्याला नुकसानीचे काही मिळाले नाही. जोतीराव इंजिनियर खात्यावर इतके चिडून का लिहीत, हे मला त्या सकाळी कळले.

किनाऱ्याजवळच्या विहिरीचे गणित वेगळे आहे. जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी उपशाने थोडी जरी खाली गेली, तरी खालचे खारे पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकते. म्हणून नवापूरसारख्या गावात जास्त खोल विहीर किंवा बोअर हा उपाय नाही, उलट तो धोका आहे. पावसाळ्यात मुरवणे आणि उन्हाळ्यात कमी उपसणे, हे दोनच मार्ग. नवीन विहिरीचा अर्ज करण्याआधी भूजल सर्वेक्षणाचा दाखला आणि जवळच्या विहिरीच्या पाण्याची क्षारता तपासणी करून घ्या. कारखान्यांच्या पट्ट्याजवळ जमीन असेल तर तपासणीला पर्यायच नाही.

ठिबक आणि तुषार संचासाठी केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून पूरक रक्कम धरून ते 80 आणि 75 टक्क्यांपर्यंत जाते. याच योजनेत वैयक्तिक शेततळ्याला आकारमानाप्रमाणे जास्तीत जास्त 75,000 रुपये आहेत. आपल्या खडकाळ, पाझरणाऱ्या जमिनीत अस्तराशिवाय शेततळे उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही, तेव्हा अस्तरीकरणाचा विचार आधीच करा. गाळ वाहून शेतात पसरण्यासाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना घनमीटरला 35.75 रुपये, एकरी 15,000 रुपयांच्या मर्यादेत आणि जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत मिळतात. आदिवासी शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेतून नवीन विहीर, विहीर दुरुस्ती, पंप, ठिबक असे घटक आहेत. हे दर बदलत असतात. अर्जाच्या दिवशीचा शासन निर्णय कृषी सहायकाकडून पाहून घ्या.

एक गोष्ट मात्र विसरू नका. महाडीबीटीवर निवड झाली म्हणजे खरेदी करायची मोकळीक मिळाली, असे होत नाही. पूर्वसंमतीचे पत्र हातात आल्यावरच संच विकत घ्या. बोईसरकडच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याने दुकानदाराच्या सांगण्यावरून आधी संच बसवला आणि बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आठ दिवस आधीची निघाली. संच त्याच्या मिरचीत आजही चालतो, पण पूर्ण पैसे त्याच्या खिशातून गेले.

सातबारावर बाकीच्या हिस्सेदारांची नावे असतील तर संमतीपत्राचे काम याच महिन्यात उरका. फार्मर आयडी नसेल तर तो आधी काढा. आणि काम चालू असताना बांधाची लांबी, रुंदी, उंची स्वतः टेपने मोजून वहीत लिहा, बाजूला टेप दिसेल असा मोबाइलवर फोटो काढा. मोजमाप घ्यायला अधिकारी आले की ही वही त्यांच्यापुढे ठेवा आणि मोजमाप पुस्तकातला आकडा तुमच्या आकड्याशी जुळवूनच सही करा.